दणकट गाडीची नाजूक दुखणी

मोठी एसयूव्ही विकत घेणाऱ्याच्या मनात बहुधा एक गृहीतक असते. गाडी अवजड, चाके मोठी, इंजिन बलदंड. तेव्हा ती कशीही चालवली आणि कोठेही नेली, तरी तिला काही होणार नाही. गॅरेजमधले चित्र मात्र वेगळे असते. तेथे आलेल्या एसयूव्हीची चासी मोडलेली किंवा पिस्टन फुटलेला असे क्वचितच आढळते. बहुतेक वेळा एखादा फिल्टर काजळीने भरलेला असतो, एखादी रबरी नळी चिरलेली असते, तर कधी अर्थिंगची पट्टी गंजलेली असते. मूळ दोष असा लहान असूनही बिल मात्र लाखाच्या घरात जाते, कारण बिघडलेला भाग एक असतो आणि बदलला जातो तो दुसराच.

मोठ्या एसयूव्हीच्या दुखण्यांचे मर्म येथेच आहे. तिचे बहुतेक बिघाड आधी सूचना देतात. ती सूचना वेळीच वाचली, तर खर्च हजारांत राहतो. चुकीची वाचली, तर लाखांत जातो. ब्रेक, टायर किंवा वायरिंगच्या बाबतीत तर प्रश्न पैशांपुरता उरत नाही, प्रवाशांच्या जिवाशी येऊन भिडतो.

वजनाचे गणित

या वाहनांशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. टाटा मोटर्सची सफारी १९९८ साली पुण्यातून बाजारात आली, तर महिंद्रची स्कॉर्पिओ २००२ साली नाशिकच्या कारखान्यातून. टोयोटाची फॉर्च्युनर भारतात २००९ साली दाखल झाली. या गाड्यांच्या बांधणीचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात शिडीच्या आकाराच्या पोलादी चासीवर बॉडी बसवलेली असते. स्कॉर्पिओ-एन आणि फॉर्च्युनर अशा आहेत. दुसऱ्या प्रकारात चासी आणि बॉडी एकसंध असते, म्हणजे मोनोकॉक; २०२१ साली नव्या रूपात आलेली सफारी आणि त्याच वर्षीची एक्सयूव्ही ७०० या त्या जातीच्या.

बांधणी कोणतीही असो, वजन पावणेदोन ते सव्वादोन टनांच्या आसपास भरते. लहान हॅचबॅकच्या तुलनेत हे जवळपास दुप्पट आहे. दुप्पट वजनाची गाडी त्याच वेगावरून थांबवायची, तर ब्रेकना दुप्पट ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जिरवावी लागते. प्रत्येक खड्ड्याचा मार बुश आणि बॉल जॉइंट यांवर त्याच प्रमाणात बसतो. चढावर गाडी हलवताना क्लचला तेवढाच अधिक भार पेलावा लागतो. गाडी दणकट असते हे खरे. पण दणकटपणा हा चासीचा आणि अॅक्सलचा गुण आहे. रबर, सील, सेन्सर आणि वायर हे भाग लहान गाडीइतकेच नाजूक असतात आणि त्यांच्यावरचा ताण मात्र अधिक असतो.

काजळीचा फिल्टर आणि शहरातले हेलपाटे

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानके लागू झाली आणि डिझेल एसयूव्हींमध्ये डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, म्हणजेच डीपीएफ, सर्रास आला. धुरातली काजळी हा फिल्टर अडवून ठेवतो आणि साठलेली काजळी ठरावीक काळाने जाळून टाकतो. या प्रक्रियेला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी फिल्टरचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जावे लागते.

अडचण येथे सुरू होते. मुलांची शाळा, भाजी मंडई, चार किलोमीटरवरचे कार्यालय, सिग्नलवरची प्रतीक्षा अशा वापरात हे तापमान गाठलेच जात नाही. मग इंजिनाचा संगणक थोडे जास्तीचे डिझेल सोडून फिल्टर तापवू पाहतो. हे काम पुरे होण्यास साधारण पंधरा-वीस मिनिटे सलग गाडी चालावी लागते. मधेच इंजिन बंद केले, की काम अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अनेक गाड्यांत हे जादा डिझेल सिलिंडरमध्येच सोडले जाते. त्यातले न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ओघळते आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळते. डिपस्टिकवरील ऑइलची पातळी वाढू लागते. गाडी ऑइल पीत नाही म्हणून मालक समाधानी असतो. प्रत्यक्षात ऑइल पातळ होऊन बेअरिंगचे संरक्षण कमी होत असते. डिपस्टिकवरची वाढती पातळी हे सुचिन्ह नव्हे.

डीपीएफचा दिवा लागला, म्हणजे लगेच गॅरेज गाठावे असे नाही. दिवा स्थिर असेल आणि अन्य इशारा नसेल, तर मोकळ्या रस्त्यावर साधारण ६० किलोमीटर वा त्याहून अधिक वेगाने वीसेक मिनिटे सलग गाडी चालवणे हाच पहिला उपचार होय. नेमकी पद्धत गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेली असते. दिव्याकडे दुर्लक्ष केले, तर गाडी ‘लिम्प मोड’मध्ये जाते, म्हणजे कशीबशी गॅरेजपर्यंत पोहोचावी एवढीच शक्ती उरते. मग स्कॅनर लावून सक्तीचे रिजनरेशन करावे लागते आणि तेही साधले नाही, तर फिल्टर बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

ऑइलच्या निवडीचाही येथे संबंध आहे. काजळी जळते, पण ऑइलमधील रसायनांची राख जळत नाही; ती फिल्टरमध्ये कायमची साठते. म्हणून डीपीएफ असलेल्या इंजिनासाठी कमी राखेचे ऑइल सांगितलेले असते. दोन-चारशे रुपये वाचवण्यासाठी भलत्याच प्रतीचे ऑइल भरले, की फिल्टरचे आयुष्य घटते. फिल्टर कापून काढून टाकण्याचा मार्ग काही ठिकाणी सुचवला जातो. तो कायद्याच्या विरुद्ध आहे आणि शहराच्या हवेवर अन्याय करणाराही.

मात्र प्रत्येक वेळी दोष वापरणाऱ्याचाच असतो, असे मानणे चुकीचे ठरेल. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०२० या काळात विकल्या गेलेल्या फॉर्च्युनर, हायलक्स आणि प्राडो या टोयोटाच्या सुमारे २ लाख ६४ हजार डिझेल गाड्यांच्या डीपीएफबाबत ग्राहकांनी सामूहिक दावा केला. तेथील फेडरल न्यायालयाने २०२२ साली ग्राहकांच्या बाजूने कौल देताना या गाड्यांत मूळचाच दोष असल्याचे मान्य केले. ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाने नियमित चालवल्यास त्यांची फिल्टर यंत्रणा नीट काम करत नव्हती. त्यामुळे पांढरा धूर, दुर्गंधी आणि वारंवार होणारे रिजनरेशन असे त्रास होत होते. म्हणजे महामार्गावर नियमित चालवूनही तक्रार कायम राहिली, तर ती लेखी नोंदवून कंपनीकडे उत्तर मागणे योग्य ठरते.

टर्बो गेला की नळी फाटली?

‘गाडी ओढत नाही’ ही एसयूव्हीच्या मालकाची नेहमीची तक्रार. चढावर अॅक्सिलरेटर दाबूनही जोर येत नाही, मागे काळा धूर निघतो. टर्बो गेला, असे निदान पटकन केले जाते आणि मोठा खर्च अंगावर येतो. टर्बोतून दाबलेली हवा इंटरकूलरमार्गे इंजिनात नेणाऱ्या रबरी नळ्या असतात. उष्णता, ऑइलची वाफ आणि सततचा दाब यांमुळे त्या चिरतात किंवा त्यांची क्लिप सैल होते. हवा बाहेर निसटते, इंजिनाला ती कमी पडते आणि डिझेल अर्धवट जळून काळा धूर होतो. वेग घेताना बॉनेटखालून फुस्स असा आवाज येत असेल, तर आधी नळ्या तपासाव्यात.

धुराचा रंग हा जुना पण उपयुक्त संकेत आहे. काळा धूर हवा कमी किंवा डिझेल जास्त असल्याचे सांगतो. निळसर धूर ऑइल जळत असल्याचा. पांढरा धूर थांबतच नसेल आणि कूलंटची पातळी घटत असेल, तर हेड गॅस्केटकडे संशयाने पाहावे. ईजीआर झडप काजळीने अडकली, तरी जोर कमी होतो. ती साफ करण्याचा खर्च टर्बोच्या तुलनेत किरकोळ असतो.

इंजेक्टरची गोष्ट निराळी. आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल १,६०० बार वा त्याहून अधिक दाबाने सोडले जाते. या यंत्रणेतील फटी इतक्या सूक्ष्म असतात, की डिझेलमधील पाण्याचा अंश आणि बारीक कचराही त्यांना सोसत नाही. डिझेल फिल्टरमध्ये पाणी साठल्याचा दिवा लागला, तर ते त्याच दिवशी काढावे. डिझेलच्या गाडीत चुकून पेट्रोल भरले गेले, तर इंजिन सुरूच करू नये. टाकी रिकामी करण्याचा खर्च सोसवतो; पंप, रेल आणि इंजेक्टर बदलण्याचा सोसवत नाही.

एसी मंदावला, कारण रेडिएटर चोंदला

उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये एसीची हवा कोमट होते आणि महामार्गावर पुन्हा गार लागते, असे झाले की गॅस भरण्याचा सल्ला मिळतो. पण गॅस कमी असेल, तर एसी महामार्गावरही नीट चालणार नाही. उभ्या गाडीतच त्रास होत असेल, तर पंखा पुरेशी हवा खेचत नाही किंवा हवेची वाट बंद झाली आहे, असा अर्थ होतो. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर एकापुढे एक असतात. त्यांच्या मधल्या अरुंद जागेत माती, कीटक आणि पालापाचोळा साचतो. पुढून पाणी मारले, तरी तो निघत नाही. इंजिन फार तापू लागल्यास अनेक गाड्यांचा संगणक भार कमी करण्यासाठी एसीचा कॉम्प्रेसर आपोआप बंद करतो. म्हणजे मंदावलेला एसी हा तापलेल्या इंजिनाचा निरोप असू शकतो. तो न समजता गॅस भरून घाट चढायला निघाले, तर हेड गॅस्केट जाण्याची वेळ येते.

कूलंटऐवजी नुसते पाणी भरण्याची सवयही महागात पडते. पाण्याने आतून गंज धरतो आणि वॉटर पंपाचे सील खराब होते. तापमानाचा काटा लाल रेषेकडे गेल्यास गाडी बाजूला घेऊन इंजिन थंड होऊ द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालची वाफ क्षणात हात आणि चेहरा भाजते.

क्लच, गिअर आणि चारही चाकांची ओढ

खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात गाड्यांची रांग लागली, की चालक अर्ध्या क्लचवर गाडी चढावर धरून ठेवतो. दोन टनांचा भार त्या वेळी क्लच प्लेटच्या घर्षणावर तोललेला असतो. हँडब्रेकने गाडी धरणे हा सोपा उपाय आहे. बऱ्याच आधुनिक डिझेल गाड्यांत साध्या फ्लायव्हीलऐवजी दुहेरी वजनाचे, आत स्प्रिंग असलेले फ्लायव्हील असते. ते इंजिनाची थरथर गिळून टाकते; मात्र अर्ध्या क्लचच्या उष्णतेने आणि वरच्या गिअरमध्ये गाडी कण्हत ओढल्याने खराब होते. इंजिन बंद करताना खडखड आणि गाडी हलवताना थरथर जाणवली, तर क्लच प्लेटबरोबर फ्लायव्हीलही तपासून घ्यावे. नुसती प्लेट बदलली, तर गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ५० ते ७० किलोमीटर वेगात, खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखी बारीक थरथर येते. ती इंजिनाची समजून इंजेक्टर तपासले जातात. पुष्कळदा दोष टॉर्क कन्व्हर्टरमधील क्लचचा आणि जुन्या झालेल्या ऑइलचा असतो.

चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांत एक गैरसमज फार दिसतो. पार्ट-टाइम प्रकारात पुढचा आणि मागचा अॅक्सल एकमेकांशी घट्ट जोडला जातो. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापावे लागते. चिखलात किंवा वाळूत चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर ती घसरू शकत नाहीत आणि सगळा पीळ ट्रान्सफर केस, प्रॉपेलर शाफ्ट आणि त्याच्या जॉइंटवर येतो. पक्क्या रस्त्यावर ‘जास्त पकड मिळावी’ म्हणून असा गिअर टाकणे म्हणजे यंत्रणा स्वतःच्या हाताने पिळणे होय.

ब्रेक आणि टायर: येथे चूक परवडत नाही

घाट उतरताना केवळ ब्रेकवर विसंबणे धोक्याचे असते. सतत दाबलेल्या ब्रेकमध्ये उष्णता साठते आणि पकड घटते. त्यातून ब्रेक ऑइल जुने असेल, तर धोका वाढतो, कारण ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-४ प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यानंतर तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. ऑइल उकळले, की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पेडल खाली जाते आणि ब्रेक लागत नाही. उतारावर खालचा गिअर ठेवावा आणि ब्रेक ऑइल सर्वसाधारणपणे दोन वर्षांनी बदलावे, एवढ्यानेही मोठे संकट टळते.

टायरच्या हवेचे महत्त्व अमेरिकेतील एका प्रकरणाने जगाला शिकवले. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावण्याचे जाहीर केले. त्यांतले बहुसंख्य फोर्ड एक्सप्लोरर या एसयूव्हीला बसवलेले होते. वेगात असताना टायरचा वरचा थर सुटून येई आणि उंच गाडी उलटे. या अपघातांत अडीचशेहून अधिक माणसे दगावली. टायरचा दोष, उष्ण हवामान, कमी हवा आणि गाडीची उंची यांचा तो एकत्रित परिणाम होता. त्यानंतर अमेरिकेने कायदा केला आणि टायरमधील हवा कमी झाल्यास इशारा देणारी यंत्रणा २००८ च्या मॉडेलपासून नव्या मोटारींना सक्तीची झाली. उंच आणि जड गाडीत हवा कमी असणे ही केवळ मायलेजची बाब नाही, हा त्याचा धडा.

शोभेसाठी मूळ मापाहून मोठे टायर बसवण्याची हौसही विचार करण्यासारखी आहे. त्याने व्हील बेअरिंग, बॉल जॉइंट आणि ब्रेक यांवरचा भार वाढतो आणि स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर हे व्हील बेअरिंगचे लक्षण. खड्ड्यातून जाताना होणारी कटकट बहुधा लिंक रॉडची किंवा लोअर आर्मच्या बुशची. कटकट सुरू झाली म्हणून चारही शॉक अॅब्सॉर्बर बदलणे हे चुकीच्या निदानाचे नेहमीचे उदाहरण होय.

विजेचे बिघाड: दिवे अनेक, कारण एक

डॅशबोर्डवर एकाच वेळी एबीएस, स्टिअरिंग, ट्रॅक्शन आणि इंजिनाचे दिवे लागले, तर चालकाचे धाबे दणाणते. इतक्या यंत्रणा एकाच क्षणी बिघडण्याची शक्यता फारच कमी असते. अशा वेळी पहिला संशय बॅटरीचा घ्यावा. काही तास उभ्या असलेल्या गाडीत चांगल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो. तो १२ च्या खाली गेला असेल, तर बॅटरी जवळजवळ रिकामी आहे. इंजिन चालू असताना तो साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसला पाहिजे. तसा नसेल तर अल्टरनेटर, त्याचा बेल्ट आणि जोडण्या पाहाव्यात. दाब कमी पडला, की निरनिराळे संगणक एकमेकांचे संदेश चुकीचे वाचतात आणि नसलेल्या दोषांची नोंद करतात. पाच-सातशे रुपयांच्या मल्टिमीटरने होणारी ही तपासणी टाळून सेन्सर, एवढेच काय ईसीयूही बदलले जातात.

दुसरा संशयित म्हणजे अर्थिंग. शिडीच्या चासीवर बॉडी रबरी माउंटवर बसवलेली असते, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन, चासी आणि बॉडी यांना जोडणाऱ्या विणलेल्या तांब्याच्या पट्ट्या किंवा जाड तारा असतात. पावसात, विशेषतः कोकण किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत, त्यांच्या बोल्टखाली गंज धरतो. मग इंडिकेटर लावला की दुसराच दिवा लुकलुकतो, सेल्फ मारताना नुसती टकटक होते, हेडलाइट मंद पडतात. सँडपेपरने घासून बोल्ट घट्ट करणे एवढाच इलाज पुष्कळदा पुरतो.

एबीएसच्या दिव्याचेही एक गमतीचे कारण आहे. अनेक गाड्यांत व्हील बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकीय कडे असते आणि चाकाचा वेग सेन्सर त्यावरून मोजतो. बेअरिंग बदलताना ते उलटे बसले, तर यांत्रिकदृष्ट्या चाक बिनतक्रार फिरते, पण एबीएसचा दिवा विझत नाही. बेअरिंग बदलल्यानंतर दिवा लागला असेल, तर सेन्सर घेण्यापूर्वी हे पाहणे श्रेयस्कर.

आगीचा धोका मात्र गंभीर आहे. मूळ हेडलाइटचा मोठा प्रकाश ६० वॅटचा असताना त्याच वायरवर १०० वॅटचा बल्ब लावला, तर प्रवाह ५ अँपिअरवरून ८ च्या पुढे जातो. वायरमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ती पावणेतीन पटींहून अधिक होते. जादा दिवे, मोठे हॉर्न आणि अॅम्प्लिफायर बसवताना मूळ वायर सोलून जोड दिला आणि फ्यूज ठेवला नाही, की सुरक्षिततेची साखळी तुटते. योग्य जाडीची वायर, रिले आणि बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज या तीन गोष्टींना पर्याय नाही. सतत चालू राहणारे डॅशकॅम आणि ट्रॅकर आठवडाभर उभ्या गाडीची बॅटरी उतरवतात, हेही लक्षात घ्यावे. पावसाळ्यात उबेला येणारे उंदीर वायरी कुरतडतात. फार दिवसांनी गाडी सुरू करताना बॉनेट उघडून एक नजर टाकलेली बरी.

पाण्यातला खोटा आत्मविश्वास

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य वाहने पाण्याखाली गेली. त्यानंतर उंच गाडी म्हणजे पुरातले संरक्षण, अशी अनेकांची समजूत दिसते. मोठ्या एसयूव्हींच्या माहितीपत्रकात ७०० ते ८०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाण्याची क्षमता लिहिलेली असते. ती संथ पाण्यात, सावकाश जाण्यासाठीची आहे. समोरून बसची लाट आली, तर पाणी हवा खेचणाऱ्या तोंडापर्यंत पोहोचते. पाणी दाबून लहान होत नाही. सिलिंडरमध्ये ते शिरले, की वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल्फ मारून सुरू करू नये. ती ओढून न्यावी. साध्या विमा पॉलिसीत अशा इंजिनाची भरपाई सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते.

दुसरे नुकसान लगेच दिसत नाही. तापलेला डिफरन्शियल पाण्यात बुडून एकदम थंड झाला, की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलमधून किंवा हवा जाण्याच्या नळीतून पाणी आत ओढले जाते. ऑइल दुधाळ होते आणि काही महिन्यांनी बेअरिंग व गिअर आवाज करू लागतात. खोल पाण्यातून जावे लागल्यास ऑइलचा रंग पाहून घ्यावा.

दोष कारखान्याचा असेल तर

काही बिघाड कितीही काळजी घेतली तरी होतात, कारण त्यांचे मूळ उत्पादनात असते. अमेरिकेत ‘फुल-साइझ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शेव्हरोले टाहो, सबर्बन आणि कॅडिलॅक एस्कलेड या गाड्या, तसेच त्याच इंजिनाचे पिकअप ट्रक, एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने परत बोलावले. त्या देशातली त्यांची संख्या सुमारे ६ लाख होती. ६.२ लिटरच्या व्ही-८ इंजिनातील क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमध्ये उत्पादनदोष आढळला होता. भारतात डिसेंबर २०२२ मध्ये महिंद्रने १२,५६६ एक्सयूव्ही ७०० आणि ६,६१८ स्कॉर्पिओ-एन या गाड्या क्लचच्या बेल हाउसिंगमधील रबरी भागाच्या तपासणीसाठी बोलावल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये १,०८,३०६ एक्सयूव्ही ७०० गाड्यांच्या इंजिनकक्षातील वायरिंग घासून कापली जाण्याची शक्यता तपासण्यात आली.

२०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने सदोष वाहने परत बोलावण्याचा अधिकार सरकारला मिळाला आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्यांचा लाभ सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांना मिळतो. रिकॉलमधील दुरुस्तीसाठी मालकाला पैसे द्यावे लागत नाहीत. अडचण असते ती जुनी गाडी घेणाऱ्याची. कंपनीचे पत्र किंवा संदेश पहिल्या मालकाकडे जातो आणि दुसऱ्याला पत्ताच लागत नाही. म्हणून वापरलेली एसयूव्ही घेतल्यावर चासी क्रमांक देऊन प्रलंबित रिकॉलची चौकशी करावी आणि आपला संपर्क नोंदवून घ्यावा.

निदान आधी, सुटे भाग नंतर

स्कॅनर लावला म्हणजे निदान झाले, असे मानण्याची प्रथा पडली आहे. स्कॅनर दोषाचा संकेतांक देतो. कारण देत नाही. ‘टर्बोचा दाब कमी’ असा संकेतांक आला, तर तो टर्बो, नळी, सेन्सर वा ईजीआर यांपैकी कशामुळेही येऊ शकतो. पुढचे काम मोजमापाचे असते. म्हणून एखादा महाग भाग बदलण्यास संमती देण्यापूर्वी मालकाने तीन प्रश्न विचारावेत. नेमके काय मोजले? ते किती असायला हवे होते आणि किती आढळले? याच लक्षणाची स्वस्त कारणे तपासून झाली काय? चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी रागावत नाही. त्याची उत्तरे त्याच्याजवळ तयार असतात. बदललेला जुना भाग परत मागणे, स्कॅनरच्या अहवालाची प्रत घेणे आणि केव्हा कोणते ऑइल भरले याची नोंदवही ठेवणे, या सवयी पुढच्या वादात उपयोगी पडतात.

गाडीने दिलेली सूचनाही मेकॅनिकपर्यंत नीट पोहोचली पाहिजे. ‘आवाज येतो’ असे सांगण्यापेक्षा तो कोणत्या वेगात, कोणत्या गिअरमध्ये, इंजिन थंड असताना की गरम, वळणावर की सरळ रस्त्यावर येतो, हे सांगितले तर अर्धे निदान तेथेच होते. दोन टनांची गाडी बिघडताना बहुधा एखाद्या बारीक खुणेने सुरुवात करते. ती खूण सर्वांत आधी चालकालाच दिसते.